सुलतानपूरचा मधला डबा

लोक मला वायफायवाला रफीक म्हणतात. त्याआधी केबलवाला रफीक म्हणायचे आणि त्याच्याही आधी छत्रीवाला, कारण मेहकर आणि आसपासच्या गावांत घराघरांवर टीव्हीच्या छत्र्या बसवण्यात माझी जवानी गेली. आता गुडघे कुरकुरतात, शिडी चढायचं काम धाकट्या भावाकडे दिलंय, पण नेट अडलं की फोन मलाच येतो. आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "रफीकभाऊ, तुमचं नेट येऊन नाही राह्यलं." माझं नेट. जसं काही मी ते घरी चुलीवर शिजवतो आणि डबा भरून पाठवतो.

वायफायच्या डब्याचे लोक काय काय हाल करतात ते सांगायला बसलो तर हा दिवाळी अंक मलाच पुरायचा नाही. मेहकरच्या एका किराणावाल्यानं पोरं दिवसभर मोबाइल पाहतात म्हणून डबा लोखंडी कपाटात घालून कुलूप लावलं, मग स्वतःचाच फोन चालेना तेव्हा मला बोल लावला. बुलढाण्याच्या एका वकीलसाहेबांनी हॉलची शोभा जाते म्हणून तो माशांच्या भल्या मोठ्या काचेच्या टाकीमागे लपवला. लोखंड आणि पाणी, दोन्ही वायफायचे वैरी. मी समजावून सांगतो, लोक मान डोलावतात, आणि माझी गाडी कोपऱ्यावरून वळली की डबा परत कपाटात. मला संताप येतो. बायको म्हणते, गिऱ्हाइकावर ओरडायचेच पैसे मिळत असते तर आपण आतापर्यंत बंगला बांधला असता.

असले किस्से रोजचे. मी ओरडतो, ते ओरडतात, चहा होतो, विसरून जातो. सुलतानपूरचं काम मात्र डोक्यातून जात नाही.

तिथल्या वैशालीताईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजावरूनच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. ती पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला. आईला लकवा मारला, तेव्हा घरून काम करायची परवानगी काढून ती गावी आली होती. आईची उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा शाबूत राहिला. आईला कुशीवर वळवायचं, चमच्यानं भरवायचं, अंग पुसायचं, हे सगळं वैशालीताई दोन मीटिंगांच्या मधे करायची. वडील गजाननराव, सारं गाव त्यांना अप्पा म्हणतं, मिरची-वांग्याची शेती करतात, पण कंबर कामातून गेलेली. माणूस उचलणं त्यांच्या हातून होत नव्हतं.

"भाऊ, मी बोलता बोलता मधेच गायब होतो असं साहेब म्हणते," ती फोनवर म्हणाली. आमच्याकडे बायकाही कधी कधी असं 'होतो', 'जातो' बोलतात. "सोमवारी बाहेरच्या पार्टीसोबत मोठी मीटिंग हाये. त्यात लाइन तुटली तर घरून काम बंद. पुण्याले हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या, असं तोंडावर सांगितलं मले. नोकरी सोडली तर मायचं औषधपाणी कशातून करू? अन् मायले सोडून पुण्याले कशी जाऊ? तुम्ही फक्त सोमवार निभावून द्या."

शनिवारी सकाळीच मी सामान घेऊन गेलो. घर मला पाठ होतं. पुढची खोली जुन्या दगडी बांधकामाची, भिंत हातभर जाड. नेट कंपनीचा डबा त्या खोलीत. मधे आईची खोली, मागे नवीन स्लॅबचं बांधकाम आणि जिना चढून गेलं की वरती वैशालीताईची खोली. दगडाच्या त्या भिंतीतून वायफाय पलीकडे जाईपर्यंत त्याचा जीव अर्धा होतो. मागे मी बाहेरून पत्र्यांवरून वायर टाकून दिली होती, ती वानरांनी तोडली. परत टाकली, परत तोडली. तिथल्या वानरांना काळी केबल दिसली की झोका खेळल्याशिवाय राहवत नाही. घरातून वायर न्यायची तर दगडी भिंत फोडावी लागणार, आणि ती धूळ, तो दणका आईला सोसला नसता. म्हणून या खेपेला मेश लावायचं ठरवलं.

मेश म्हणजे तीन पांढरे डबे. पहिला कंपनीच्या डब्याला वायरनं जोडायचा, दुसरा मधल्या खोलीत, तिसरा जिथं नेट पाहिजे तिथं. पहिला दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. सगळा खेळ हवेतून. मधला बंद पडला की शेवटच्याचे डोळे गेले. घरात आधीपासून नेटवर्क असलं की एक भानगड ठरलेली असते. कंपनीचा डबा घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला एकेक नंबर देतो. नवा मेश आला की तोही नंबर वाटायला सुरुवात करतो. एका एस्टीत दोन कंडक्टर तिकिटं फाडायला लागले तर काय गोंधळ होईल, तोच इथं होतो. म्हणून नव्याला सांगायचं, बाबा, तू नुसता पोचव, वाटप जुन्याकडेच राहू दे. जुन्या डब्याचं वायफाय बंद करायचं आणि त्याचंच नाव, त्याचाच पासवर्ड नव्याला द्यायचा, म्हणजे घरातले फोन आपोआप नव्यावर येतात. एवढं जमलं की आमच्या धंद्यातलं निम्मं काम जमलं.

मधला डबा कुठं लावायचा हा प्रश्न होता. लाइट गेली तरी तो चालू राहिला पाहिजे, म्हणजे इन्व्हर्टरच्या पॉइंटवर पाहिजे. आणि मधल्या खोलीत तसा बोर्ड एकच होता, आईच्या पलंगाशी. आईला मी मावशी म्हणायचो. हा बोर्ड आधी भिंतीवर उंच होता, अप्पांनी गावच्या वायरमनला बोलावून तो पलंगाच्या उंचीवर, मावशींच्या डाव्या हाताशी आणून घेतला होता.

"पंखा तरी तिले तिच्या मनानं चालू-बंद करता आला पाह्यजे," अप्पा म्हणाले. "उठसूट कोणाचं तोंड पाहीन बिचारी?"

बोर्डावर पंखा, दिवा, हवेच्या गादीचा पंप आणि एक रिकामं सॉकेट. त्यात मी डबा लावला. मावशींची नजर माझ्या हातावरून हलेना. मला काम करताना बोलायची सवय, आणि आजारी माणसाशी तर मी मुद्दाम बोलतो. मी म्हणालो, "मावशी, हा डबा म्हणजे ताईच्या नोकरीचा जीव आहे बरं का. हे कोपऱ्यातलं बटन बंद झालं की वरती तिची मीटिंग खलास."

मावशींनी बटनाकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. मला वाटलं, समजलं त्यांना, छान झालं.

वरच्या खोलीत नेट असं धावायला लागलं की वैशालीताईनं मला सक्तीनं पोहे खाऊ घातले. घराचं सगळं नेटवर्क मी माझ्या फोनमधल्या अ‍ॅपवर घेतलं, काम पक्कं होईस्तोवर मी ते ठेवतोच. कुठला डबा बंद पडला किंवा चालू झाला की माझा फोन थरथरतो. मेहकर यायच्या आतच तो खिशात थरथरला. सुलतानपूर, मधला डबा बंद. मागोमाग वैशालीताईचा फोन.

"भाऊ, परत गेलं."

"मधल्या खोलीतलं बटन पाहा."

ती खाली जाऊन आली. बटन बंद होतं. मी अप्पांना फोनवर घेतलं. खोलीतून बाहेर पडताना दिसतील तेवढी बटनं बंद करत जायची अप्पांची जुनी सवय मला माहीत होती. "अप्पा, तुम्ही बंद केलं काय?"

जरा वेळानं ते म्हणाले, "असंन बा. सवय हाये हाताले."

रविवारी वैशालीताईनं कंपनीतल्या मैत्रिणीसोबत सरावाची मीटिंग लावली, आणि ऐन बोलण्यात मधला डबा पुन्हा गेला. माझा पारा चढला. मी गाडी काढली, सुलतानपूर गाठलं, बटन चालू केलं आणि त्यावर काळी टेप करकचून गुंडाळली. अप्पांना उभं करून सांगितलं, "या टेपला हात लावायचा नाही. सोमवार होईस्तोवर हात खिशात ठेवा." मी निघालो, आणि अंजनीचा फाटाही आला नव्हता तर फोन थरथरला.

खरं सांगतो, त्या वेळी मला कंपनीचा साहेब, मीटिंग, नेट काही दिसत नव्हतं. मला ती पोरगी दिसत होती, वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर हात जोडून बसल्यासारखी बसलेली. सोमवार दुसऱ्याच दिवशी होता. मी गाडी वळवली.

मधल्या खोलीत गेलो तर टेप गायब, बटन बंद. मी ते चालू केलं, वरून "आलं, भाऊ" असा आवाज आला, आणि मी तसाच मागच्या अंगणात गेलो. अप्पा तिथं वाळत घातलेल्या मिरच्या निवडत बसले होते.

"अप्पा, टेप काऊन काढली?"

"काढली."

"पोरीची नोकरी जाऊन राह्यली. समजते का तुम्हाले?"

"समजते. म्याच काढली, म्याच बंद केलं. बोला आता काय बोलता ते."

मी बोललो. नको ते बोललो. बाप आहात की वैरी, इथवर बोललो. अप्पा खाली मान घालून ऐकत होते, दोन्ही हात मिरच्यांत. मला त्या गप्प बसण्याचाही राग येत होता. तेवढ्यात माझा खिसा थरथरला. फोन काढला. सुलतानपूर, मधला डबा बंद.

मी अप्पांच्या हातांकडे पाहिलं. ते मिरच्यांतच होते. वैशालीताई वर होती, तिच्या खुर्चीचा आवाज येत होता. घरात चौथं माणूस फक्त एक होतं. अप्पांनी मान वर केली, माझ्या तोंडावरून त्यांना कळलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आम्ही आत गेलो. मावशी तशाच पडलेल्या, डावा हात गोधडीवर. बटन बंद. माझ्या काळ्या टेपचा चुरगळलेला गोळा त्यांच्या हिरव्या बांगडीला चिकटलेला होता. एका हातानं, नखानं उकरून उकरून ती टेप काढायला त्यांना किती कष्ट पडले असतील ते मी जाणतो, मी ती तशीच लावली होती. त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही. चोरी पकडली गेल्याचं त्या नजरेत काही नव्हतं. उलट मलाच खाली पाहावं लागलं.

"शनिवारीच पाह्यलं होतं म्या," अप्पा हळूच म्हणाले. "तुम्ही बटन दाखवून गेले. तिनं मले डोळ्यानं जिना दाखवला, अन् हात लांब केला. पोरीनं जावं म्हून करते ते. दोन जाग्याहून मागणं आलं, पोरगी नाही म्हणली. पुण्याले मोठी जागा भेटत होती, नाही म्हणली. सारं हिच्यापायी. हिले दिसत नाही का? वाचा गेली रफीकभाऊ, अक्कल नाही गेली."

"मग अंगावर काऊन घेतलं तुम्ही?"

"पोरगी मायवर चिडली असती. माझ्यावर चिडली तर चालते."

सॉकेट डायरेक्ट करणं माझ्या डाव्या हाताचा मळ होता. वायर बटनाला वळसा घालून जोडायची, मग कोणी कितीही दाबो, डबा चालूच. मी पेचकस काढला. मला काम वैशालीताईनं दिलं होतं आणि सोमवार निभावायचा शब्द मी तिला दिला होता. मावशींनी पेचकस पाहिला आणि डावा हात आपणहून मागे घेऊन छातीवर ठेवला.

"तिच्या हातात आता एवढं एक बटनच राह्यलं," अप्पा म्हणाले. "तुम्हाले जे करायचं ते करा. मी काही म्हणत नाही."

मी पेचकस घेऊन तसाच उभा राहिलो. पाठीमागे जिन्यावर पावलं वाजली आणि वैशालीताईनं विचारलं, "काय झालं भाऊ?" अप्पांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नका सांगू म्हणून. मी सांगितलं. नोकरी तिची, आई तिची, जन्म तिचा. तिच्यापासून लपवून मी तिच्या घरात वायरी फिरवणार नव्हतो.

ती खालच्या पायरीवर मटकन बसली. मग उठून पलंगाशी आली आणि आईवर अशी तुटून पडली की मी दारापर्यंत सरकलो.

"मले विचारलं का तू? तू ठरोणार, साहेब ठरोणार, मी काय बाहुली हावो? रोज देवाले हात जोडून मीटिंगले बसतो मी, अन् खालून तू बटन दाबतं." तिचा आवाज फाटला. "मले हाकलून तुले काय भेटन माय?"

मावशींच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चुकलं म्हणून त्यांनी मान हलवली नाही. वैशालीताईनं ओढणीनं आधी आईचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. बांगडीला चिकटलेला टेपचा गोळा काढून खिडकीतून बाहेर टाकला.

"पेचकस ठेवून द्या भाऊ," ती म्हणाली. "बटन हाये तसं राहू द्या." आणि आईला म्हणाली, "उद्या मी वर बसणार हावो. तुले बंद करायचं तर खुशाल कर. पण दरवाजा मी उघडा ठेवीन. काय बंद करून राह्यली ते आधी ऐकून घे."

सोमवारी मला कोणी बोलावलं नव्हतं. घरी बसवेना म्हणून गेलो. मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी मी, पलंगाच्या पायथ्याशी अप्पा. वरती मीटिंग सुरू झाली आणि मावशींचा हात गोधडीवरून निघाला, पलंगाच्या कडेवरून सरकत बोर्डाशी गेला, आणि एक बोट त्या कोपऱ्यातल्या बटनावर टेकलं. अप्पांनी डोळे मिटून घेतले. मी पांढऱ्या डब्याच्या दिव्याकडे पाहत बसलो. उठून तो हात धरावा असं कितीदा मनात आलं, पण ज्या घराच्या पोरीनं धरला नाही तिथं मी धरणारा कोण?

वरून वैशालीताईचा आवाज येत होता. इंग्रजी बोलत होती. अप्पांना त्यातलं काही कळत नव्हतं, मावशींनाही नसावं, मलाही सगळं कळत नव्हतं. पण आवाज कळत होता. कोणीतरी काहीतरी आडवं विचारलं असावं, ती थांबली, मग ठासून बोलली, आणि पलीकडची माणसं गप्प ऐकू लागली. एकदा तर ती हसली. लहानपणापासून पाहतोय तिला, एवढी मोकळी हसताना त्या घरात मी ऐकली नव्हती. इतके दिवस दार लावलेलं असायचं. आईनं आपल्या लेकीला तिच्या कामात असं कधी ऐकलंच नव्हतं.

आणि मधेच लाइट गेली. पंखा थबकला, इन्व्हर्टरनं टक केलं आणि पंखा पुन्हा फिरायला लागला. डब्याचा दिवा मिणमिणलासुद्धा नाही. मावशींचं बोट बटनावर थरथरत होतं. एवढा वेळ हात उचलून धरणं त्यांच्या शक्तीबाहेरचं होतं, घामानं कपाळ भिजलं होतं, पण त्यांनी हात खाली घेतला नाही आणि बटनही दाबलं नाही.

वर खुर्ची सरकली. वैशालीताई खाली आली, दारात उभी राहिली. "झालं माय. एकदाही तुटलं नाही. साहेब म्हणे, पाह्यजे तेवढे दिवस घरून करा."

मावशींनी तिला डोळे भरून पाहिलं. आणि मग तिच्या देखत, तिच्या डोळ्याला डोळा देऊन, बटन दाबलं. दिवा विझला. तोच हात त्यांनी उचलला आणि दाराकडे दाखवला.

वैशालीताईनं तो हात धरून कपाळाला लावला. "जातो," ती म्हणाली. "पण आता मी माझ्या मनानं जाऊन राह्यलो. तुह्या बटनानं नाही."

मी अंगणात निघून आलो. मिरच्यांचा ठसका लागला असं अप्पांना सांगितलं, त्यांनी ते मानून घेतलं.

ती लगेच गेली नाही. शेजारच्या शांताबाईंना पगारावर ठेवलं, कुशीवर वळवणं, भरवणं सगळं हाताला धरून शिकवलं, आणि मगच पुण्याच्या त्या मोठ्या जागेवर रुजू झाली. सुट्टी मिळाली की एस्टी पकडून येते. मी अप्पांची माफी मागितली, तर ते म्हणाले, "कायची माफी, म्याच तर म्हणलो होतो बोला म्हून."

मधला डबा अजून त्याच बोर्डावर आहे. दिवसभर मावशी तो बंद ठेवतात. संध्याकाळी लेकीशी बोलायची वेळ झाली की स्वतःच्या हातानं चालू करतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. अप्पा समोर फोन धरून उभे राहतात. पुण्याहून लेक बोलते आणि मावशी नुसतं पाहतात.

काम पक्कं झालं की ते घर आपल्या फोनमधून काढून टाकायचं, हा माझा नेम आहे. हे घर मी काढलेलं नाही. रोज दिवेलागणीला फोन थरथरतो, सुलतानपूर, मधला डबा चालू. एखाद्या दिवशी उशीर झाला की माझं कशात लक्ष लागत नाही. मागे एकदा आलंच नाही, तर मी गाडीची चावी हातात घेऊन अप्पांना फोन केला. इन्व्हर्टरची बॅटरी उतरली होती.

आज हे लिहिता लिहिता अंधारून आलंय. फोन समोरच ठेवलाय. बायको दोनदा विचारून गेली, चहा टाकू का, आणि मी दोन्ही वेळा थांब म्हणालो. तिला माहीत आहे कशासाठी, ती पण दारातच उभी आहे. आत्ता थरथरला.

"सुलतानपूर?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो. "टाक आता चहा."